लाल पाटी

कारखान्यात कुठलंही मशीन अडलं की एकच हाक उठायची, "फिटरताईंना बोलवा." पंचवीस वर्षं ती मशीनं दुरुस्त करत आली होती. पहिली सोळा पुरुषाच्या नावाने, मिशी ठेवून. पुढची नऊ बाई म्हणून, स्वतःच्या नावाने. सुरुवातीला टिंगल झाली. मग तिने जोडलेलं मशीन पुन्हा कुरकुरत नाही हे कळलं, तसे लोक ताई म्हणू लागले.

"अडला हरी," ती हसून म्हणायची, "आणि गाढव मी."

ऑफिस मात्र अडलेलं नव्हतं. सरकारी दाखला, नवं ओळखपत्र, नवा फोटो, असा सगळा संच तिने आठ महिन्यांत तीनदा हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवला. तिन्ही वेळा उत्तर एकच, "फाईल वर गेलीय."

"वर म्हणजे कुठे? आपल्याला मजला एकच आहे."

"तुम्ही फार घाई करता."

शुक्रवारी पंचवीस वर्षं पूर्ण केलेल्यांचा सत्कार होता. घरच्यांनाही बोलावणं होतं. तिच्या घरचं म्हणजे थोरली बहीण, जिने नऊ वर्षं तिचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि बहिणीची आठ वर्षांची मुलगी, जी चोरून फोन करून "मावशी" म्हणायची. या वेळी बहीण येते म्हणाली होती. "बघू तरी, तुझे लोक तुला काय म्हणतात ते."

शुक्रवारी सकाळी जेवणघराच्या भिंतीवर अकरा फोटो लागले. सातवा तिचा. मिशीवाला, खाली जुनं नाव.

"रेकॉर्डला हाच आहे," हेडक्लार्क म्हणाला. "माझ्या हातात काय आहे?"

"माझी फाईल."

"एका फोटोनं काय बिघडतं हो?"

ती वर्कशॉपमध्ये गेली. मशीन दुरुस्तीला उघडलं की त्यावर टांगायची लाल पाटी घेऊन आली. 'काम अपूर्ण. हात लावू नये.' त्याखाली तिने खडूने आपलं नाव लिहिलं आणि चेहरा आणि जुनं नाव दोन्ही झाकेल अशी ती फोटोवर टांगली.

"काढा ती," हेडक्लार्क म्हणाला.

लेथवरच्या म्हाताऱ्या मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "साहेब, ज्यानं पाटी लावली त्यानंच काढायची. तुमच्याच सहीचा नियम आहे."

"तो मशीनसाठी आहे."

"मग पंचवीस वर्षं हिला दुसरं काय समजलात?"

हेडक्लार्कने हात पुढे केला. सगळं जेवणघर बघत होतं. त्याने हात मागे घेतला.

चार वाजता बहीण आली. दारातच पॅकिंगच्या बायका म्हणाल्या, "फिटरताई, तुमच्याकडचे आले बरं का." बहिणीने ते ऐकलं. तिने मुलीचा धरलेला हात सोडला. मुलगी धावत येऊन मावशीच्या शेजारी बसली.

मग माईकवर एकेक नाव पुकारलं गेलं. सातवं जुनंच होतं. कोणी उठलं नाही. हेडक्लार्कने ते पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश, तिच्याकडे बघत.

"मावशी, कोणाला बोलावतायत?"

"काय माहीत," ती म्हणाली आणि खुर्चीत नीट टेकून बसली. "त्या नावाचं इथे कोणी काम करत नाही."

हेडक्लार्कने यादीत 'गैरहजर' लिहिलं आणि आठवं नाव पुकारलं.