हलक्या चाकाची गाडी

कोहमाऱ्याच्या चौकात उदेभान मडावीचं गॅरेज आता विचारत विचारत शोधावं लागतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी नुसते कान पुरत. तो टू-स्ट्रोक गाड्यांचा जमाना होता. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, संपला की पटाच्या मैदानावर पोरं मोटारसायकली पळवत, आणि पहिली येणारी गाडी बहुधा उदेभानच्या हातची असे. त्याचं गुपित साधं होतं. इंजिनाच्या बगलेला फ्लायव्हील नावाचं एक जड लोखंडी चाक असतं. दोन धमाक्यांच्या मधल्या वेळात इंजिनाचा दम सुटू नये म्हणून ते फिरत राहतं. उदेभान ते खरादवर, म्हणजे लेथवर, घासून हलकं करून घ्यायचा. चाक हलकं झालं की मूठ पिळताच गाडी उधळते. या एका विद्येनं त्याला वीस गावांत नाव दिलं, आणि नाव देणारी विद्या माणूस सहसा सोडत नाही. मग टू-स्ट्रोक गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या, आणि उदेभान पंक्चर काढायला लागला.

त्याचा मोठा भाऊ बकाराम सौंदडजवळच्या गावी घरची शेती पाहायचा. तीन वर्षांपूर्वी तो हिरड्याच्या झाडावरून पडला आणि कमरेखाली मेला. हे त्याचेच शब्द. त्याला दुःख झाडाचं नव्हतं, नव्याचं होतं. त्यांच्या घरात नवा तांदूळ खाण्याआधी घरातल्या मोठ्यानं स्वतः वावरात जाऊन पहिल्या लोंब्या कापायच्या, पूर्वजांपुढे ठेवायच्या, मगच घरादारानं तोंड लावायचं. तीन वर्षं ते काम उदेभान करत होता. बकाराम पानावर बसायचा, पण परक्या घरी जेवायला आल्यासारखा. खाटेवर घालून वावरात नेतो म्हटलं की तो उसळायचा.

"खाटेवर माणूस एकदाच जाते," तो म्हणायचा. "मी जाईन त माह्या हातानं जाईन."

यंदा पडून पडून झालेल्या पाठीच्या जखमा चिघळल्या. गोंदियाच्या डॉक्टरनं औषधं लिहून दिली, पण बकारामच्या बायकोच्या, मंगलीवहिनीच्या, डोळ्याला डोळा दिला नाही. घरी आल्यावर बकारामनं भावाला जवळ बोलावलं.

"उदे, पुढचा नवा मी पाहात नाही. यंदाचा मले कापू दे."

त्या दिवसापासून उदेभानच्या अंगात दहा माणसांचं बळ आलं. दादाला स्वतः चालवत वावरात जाता येईल अशी गाडी त्यानं बांधायला घेतली. भंगारातल्या मोटारसायकलचं टू-स्ट्रोक इंजिन, चार जाडे टायर, पाइपांची चौकट, पाठ टेकायला खुर्ची. ब्रेक, क्लच, गिअर सगळं हातात. पायाचं काही कामच ठेवलं नाही, एक किक सोडून. शेवटी फ्लायव्हील काढून तो शेजारच्या शालीकराम खरादवाल्याकडे गेला.

शालीकरामनं चाक हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं. "उदेभान, पटासाठी हे ठीक हाय. पन तुहं हे चार चाकाचं धूड चिखलात हळूच चालन. हळू चाललं का हलकं चाक दम सोडते. अन् बंद पडली त तुहा भाऊ किक कोनत्या पायानं मारन?"

"इंजिन लहान हाय, वजन मोठं. उठाव नाही भेटला त जागची हालनार नाही," उदेभान म्हणाला. "अन् माह्या हातचं इंजिन बंद पडत नाही."

"पहा बापा. कापलेलं लोखंड परत जोडता येत नाही. अन् हे चाक आता दुकानात भेटत बी नाही."

"तू काप."

शालीकरामनं कापलं. लोखंडाचा कीस खाली पडत राहिला आणि उदेभान वीस वर्षांपूर्वीसारखा हसत राहिला.

गाडी झाली तीही अशी की चौकातले ढाबेवाले चहा टाकून पाहायला आले. काय तो आवाज! उदेभाननं ती डांबरी रस्त्यावर उडवली. मग गावी नेऊन वावरापर्यंत चिखलातूनही काढली. शालीकरामचं तोंड बंद झालं. चिखलातून गाडी निघाली ती उदेभानच्या हातामुळे, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. मूठ कधी पिळायची, क्लच किती अडवायचा, हे त्याच्या मनगटाला सांगावं लागत नव्हतं. बकारामच्या हातानं जन्मभर फक्त हल्याचा, नांगराच्या रेड्याचा, कासरा धरला होता.

नव्याच्या दिवशी सकाळी बकारामनं आंघोळ करून पांढरं धोतर नेसलं. कमरेला विळा खोचला. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यानं मंगलीला ओरडून दुपट्टा मागितला, आणि ती बिचारी आनंदानं रडली. उदेभाननं किक मारली. बकारामनं गाडी स्वतः दारातून काढली, स्वतः गल्लीतून नेली, भेटेल त्याला रामराम घातला. पान टपरीवरच्या केशोरावला त्यानं हाक मारून सांगितलं, "नवा कापाले जाऊन राहिलो!"

गावाबाहेर रस्ता संपला आणि बांध्या लागल्या. धानाच्या वाफ्यांना इकडे बांधी म्हणतात, आणि आश्विन लागला तरी त्यांतून पाणी हटलेलं नसतं. पहिल्याच बांधीत बकारामनं हल्या हाकावा तसं जपून, हळू घेतलं. इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. मागून येणाऱ्या उदेभाननं धावत येऊन किक मारली.

"मूठ पिळ दादा, जोरानं!"

बकारामनं पिळली. गाडी अशी उधळली की तो खुर्चीतून घसरला. घाबरून मूठ सोडली, पुन्हा बंद. किक. बंद. किक. बंद. दुसऱ्या बांधीच्या मधोमध चारही चाकं रुतली, प्लग भिजला आणि किक मारून मारून उदेभानची पोटरी थरथरायला लागली. वावर तिथून दिसत होतं. पिवळं पडलेलं, लवकर पिकणारं हलकं धान, कडेचं मोहाचं झाड, सगळं. दोनशे पावलंही नसतील.

बकारामनं एकदा तिकडे पाहिलं. मग म्हणाला, "उदे, चिखलात तू पटाचा बैल जुपलास गा. इथं हल्या पाहिजे होता."

उदेभान चिखलात गुडघ्यांवर बसला. "पाठीवर बस दादा. समोर नेतो. दोनशे पावलं त हायेत."

"नोको. नेलेल्या मानसाच्या हातचा नवा नसते." त्यानं कमरेचा विळा काढून भावाच्या हातात दिला. "तूच काप."

शालीकरामच्या खरादखाली पडलेला कीस उदेभानच्या डोळ्यांपुढे होता. तो कीस मुठी मुठीनं गिळायला लावला असता तरी त्यानं गिळला असता. पण बैल बदलता येतो, कापलेलं चाक नाही.

ऊन चढलं. बकारामच्या पाठीच्या जखमा खुर्चीला चिकटल्या, धोतरावर डाग उमटले. त्याला तसं बसवून ठेवणं शक्य नव्हतं. शेजारचा मनिराम आणि त्याचे दोन भाऊ खाट घेऊन आले. खाटेवर ठेवल्यावर बकारामनं दुपट्टा सोडला आणि स्वतःच्या हातानं तोंडावर ओढून घेतला. गावातून जाताना त्याला कुणाची नजर नको होती.

खाटेचा पुढचा पाय उदेभानच्या खांद्यावर होता. पान टपरीपाशी बसलेली माणसं उठून उभी राहिली. कुणी चपला काढल्या, कुणी हात जोडले. केशोरावनं टोपी काढून छातीशी धरली. उदेभान सांगायला तोंड उघडत होता, तेवढ्यात केशोराव पुढे आला.

"सकाळी त चांगला बोलून गेला," केशोराव हळूच म्हणाला. "कधी गेला गा बकाराम?"

दुपट्ट्याखालून उत्तर आलं.

"आताच गेलो, केशोराव."