सहा फेकींत सात गोल

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना सगळी शाळा छेदबाई म्हणते. तोंडावर नाही, तेवढी छाती कुणाची आहे? वर्गात पाऊल टाकताच त्या म्हणणार, "आधी छेद बघा. अंश कुठे पळून जात नाही." सव्वीस वर्षं सहावी-सातवीला अपूर्णांक आणि गुणोत्तर शिकवलं. या सव्वीस वर्षांत त्यांनी एकदा दिलेला गुण कधी बदलला नाही. आयांनी रडून पाहिलं, बापांनी ओरडून पाहिलं, एका आजोबांनी तर दम्याचा झटका आल्याचं सोंग केलं. बाईंनी त्यांना पाणी दिलं, गुण नाही दिला.

मी चित्रकलेचा मास्तर, निवृत्त झालो तरी शिक्षकखोलीतला चहा काही सुटला नाही. त्यामुळे ही हकिगत माझ्या डोळ्यांदेखत घडली. जी डोळ्यांआड घडली ती मी विचारून घेतली. मला विचारायची लाज वाटत नाही.

झालं असं की वरून फर्मान आलं: गणितं रोजच्या जगण्यातली घाला. छेदबाईंना हा थिल्लरपणा वाटला, पण हुकूम तो हुकूम. त्यांनी काय केलं, एक छेद दोन अधिक दोन छेद तीन हे आपलं जुनं, पाठ असलेलं गणित काढलं आणि त्याला खेळाचे कपडे चढवले. एका मुलीने सोमवारी दोनदा चेंडू फेकला, एकदा जाळीत गेला. मंगळवारी तीनदा फेकला, दोनदा गेला. तर दोन्ही दिवस मिळून तिच्या फेकींपैकी किती भाग यशस्वी? पाच गुण.

सगळ्या सातवीने बाईंनी शिकवल्याप्रमाणे समच्छेद केला आणि उत्तर लिहिलं सात छेद सहा. बाईंच्या उत्तरपत्रिकेतही तेच. सगळ्यांना पाचपैकी पाच. एकीलाच शून्य. ती म्हणजे उंचाडी. बास्केटबॉलच्या संघातली ही मुलगी वर्गाच्या दारातून आत येताना सवयीने मान वाकवते, दार तिच्यापेक्षा वीतभर उंच असलं तरी. तिने लिहिलं होतं तीन छेद पाच. बाईंनी लाल शाईने शेरा मारला: "वर-वर आणि खाली-खाली बेरीज? सहावीपासून सांगते आहे!"

उंचाडीला पन्नासात बावीस पडले. आणि शाळेचा नियम असा की गणितात निम्मे गुण नसतील तर संघात जागा नाही. सामना शनिवारी. हा नियम कुणी करून घेतला होता म्हणता? छेदबाईंनीच. आणखी कुणाला सुचणार?

मधल्या सुट्टीत उंचाडी शिक्षकखोलीत आली. मान वाकवूनच.

"बाई, तीन छेद पाच चूक का?"

"कारण अपूर्णांकांची बेरीज अशी करत नाहीत."

"पण बाई, पाचदा फेकला, तीनदा गेला."

"छेद समान केलास का?"

"नाही. पण तुमच्या उत्तरात सहा फेकींत सात गोल होतात. तसला चेंडू आम्हाला मिळाला तर संघ कधी हरणारच नाही."

माझा चहा नाकात गेला. खेळाचे सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. छेदबाईंचा चेहरा मात्र त्यांच्या वहीसारखा, एक ओळ वाकडी नाही. "वर्गात जा," एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी पोळीचा डबा उघडलासुद्धा नाही.

पुढचं मला त्यांच्या यजमानांनी सांगितलं. ते रंगांच्या दुकानात रंग कालवायला असतात. भला माणूस, पण पोटात काही राहत नाही. मी खिडकीच्या गजांसाठी एक डबा घ्यायला गेलो आणि अख्खी रात्रीच्या जेवणाची गोष्ट घेऊन आलो.

जेवता जेवता बाईंनी विचारलं, "अहो, अर्धा आणि दोन तृतीयांश मिळून किती?"

"कशाचा अर्धा?"

"कशाचाही!"

"असं कसं कशाचाही? एका डब्यातून अर्धा डबा घेतला आणि तेवढ्याच दुसऱ्या डब्यातून दोन तृतीयांश, तर एका डब्याहून जास्त होईल. पण दोन लिटरच्या डब्यात अर्धा पांढरा आणि तीन लिटरच्या डब्यात दोन लिटर पांढरा, दोन्ही एका बादलीत ओतले, तर पाच लिटरमध्ये तीन लिटर पांढरा. बादलीभर रंगात बादलीहून जास्त पांढरा कुठून येईल, अगं?"

बाईंचा चमचा हवेतच राहिला. "सव्वीस वर्षं संसार केलात आणि हे आज सांगताय?"

"तू आज विचारलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या खोलीत. मीही आत होतो. माझं निवृत्तीचं एक कागदपत्र बरेच महिने तिथे अडकलेलं आहे, आणि ते लवकर सुटावं अशी माझी फारशी इच्छा नाही.

"सोपं आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "प्रश्नच रद्द करा. पेपर पंचेचाळीसचा धरा."

छेदबाईंनी तोंडी हिशेब केला. "मग तिचे पंचेचाळीसात बावीस. निम्मे साडेबावीस. अर्ध्या गुणाने जाते."

"मग तिला पाच द्या, बाकीच्यांचे काढून घ्या."

"संघाच्या कप्तान मुलीला अठ्ठावीस आहेत. पाच काढले तर तेवीस. मग ती जाते. आणि का जावं तिनं? मी शिकवलं तेच तिनं लिहिलं. कुणाचेही काढायचे नाहीत. हिला पाच द्यायचे. सत्तावीस."

"पण नोंदवहीत कारण लिहावं लागेल. छपाईची चूक म्हणून टाका, विषय संपला."

"छपाईवाल्याने काय घोडं मारलंय?" छेदबाई म्हणाल्या. त्यांनी नोंदवही ओढली, बावीसवर आडवी रेघ मारली, वर सत्तावीस लिहिले आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'शिक्षिकेची चूक'. आणि लगेच नोंदवही मिटली. मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं. एवढी माणुसकी माझ्यातही आहे.

मग त्या सातवीत गेल्या आणि मी व्हरांड्यात, दाराला कान लावून नव्हे, पण दाराच्या जवळपास. बाईंनी फळ्यावर पाच वर्तुळं काढली, तीन रंगवली आणि म्हणाल्या, "सोमवारचा अर्धा दोन फेकींचा. मंगळवारचे दोन तृतीयांश तीन फेकींचे. 'पूर्ण', म्हणजे एकूण फेकीच, वेगळ्या असतील तर नुसते अपूर्णांक एकमेकांत मिसळता येत नाहीत. आधी विचारायचं, कशाचा? हे मी विचारलं नाही. प्रश्न मी चुकवला, उत्तरही मी चुकवलं."

मग मागच्या बाकावरून एक चिरका आवाज आला, "बाई, मग तुमचे किती गुण कापायचे?"

मला वाटलं, आता याचं काही खरं नाही. पण बाईंनी खडू उचलला. "जो चुकतो त्याचे पाच जातात. माझेही पाच." आणि फळ्यावर स्वतःचे गुण लिहिले: पंचेचाळीस छेद पन्नास.

"बाई," उंचाडी म्हणाली.

"आता काय?"

"संक्षिप्त रूप राहिलं."

अख्खा वर्ग फुटला. बाईंनी पंचेचाळीस छेद पन्नास पुसलं, त्या जागी नऊ छेद दहा लिहिलं, खडू ठेवला आणि दाराकडे बोट दाखवलं. "सराव सुरू झालाय. इथे काय करतेस? पळ!"

ती दारातून इतक्या जोरात सुटली की मान वाकवायची विसरली, आणि व्हरांड्यात उभ्या असलेल्या एका निवृत्त मास्तराचा चष्मा उडवून गेली.