चार्जिंगला लावलेला टॅब
चार्जर तापल्याचा वास आला की शिरोलीतल्या आमच्या बालवाडीतली एक मुलगी आठवते. इथं मुलांनी आपला खेळ आपणच निवडायचा, आम्ही मध्ये पडायचं नाही. चार वर्षांची ती मुलगी रोज टॅबवरचं आवाज रेकॉर्ड करायचं ॲपच उघडायची. सोडायला आलेल्या आईच्या तोंडापुढं टॅब धरायची आणि आई हसत म्हणायची, "डबा सगळा खायचा, काय?" पावसाळ्यात आई तापानं गेली. नंतर मुलगी जेवताना तेच रेकॉर्डिंग लावायची, "व्हय" म्हणायची आणि डबा संपवायची. एक दिवस वडील तिला कुरुंदवाडला आत्याकडं न्यायला आले. मी तो आवाज त्यांच्या मोबाईलवर पाठवते म्हटलं, तर म्हणाले, "नगं बाई, मलाच ऐकवत न्हाय." दारातून वळून मुलगी म्हणाली, "बाई, ह्येला चार्जिंगला लावत जावा की." मुलं आता नव्या टॅबवर खेळतात. जुना मी अजून रोज चार्जिंगला लावते.