भावोजींची मुकी सुई

ज्या गोष्टीला आकडा नाही ती गोष्ट जगात नाहीच, असं मानणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या ताईच्या पदरी पडला. पदरी पडलं पवित्र झालं म्हणतात. भावोजींनी ते आधी मोजून घेतलं असणार. लग्नात भटजींचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे, हे त्यांनी अंतरपाटाच्या पलीकडून सांगितलं होतं. आम्ही सर्वण गावची माणसं, सावली बघून शेतावरून जेवायला येणारी. स्थळ तुये गावचं, घर स्वतःचं, जावई तिथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीवर, एवढं वडिलांनी पाहिलं. तो तपासणी घरी घेऊन येईल हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर तर कारखान्याचा सगळा भार घरावर आला. आंघोळीचं पाणी, पोह्यांतलं मीठ, शेजारच्या गाईचं दूध, काहीही तपासल्याशिवाय पुढे जात नसे. पण त्यांनी ऑनलाइन ती सुई मागवली आणि मग मात्र आम्ही सगळ्यांनी हात टेकले. दिसायला पेनासारखी, एका बाजूला घडी होणारी लांब सुई, दुसऱ्या बाजूला आकड्यांची काच. शिजणाऱ्या मांसात खुपसायची, की आतलं तापमान दिसतं आणि बीप वाजतं. स्वस्तातली होती. पहिले आठ दिवस भावोजींनी ती मांस सोडून बाकी सगळ्यात खुपसली. सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या उंड्यात, म्हणजे गोल पावात खुपसली, तेव्हा तो बिचारा म्हणाला, "पात्रांव, उंडो मेलोलो आसा, ताका आनी कित्याक मारतात?" उकडलेल्या अंड्यात, उसळीत, आणि एकदा अंगात कसर वाटली म्हणून स्वतःच्या काखेतसुद्धा.

मग गुणदोषांचं कीर्तन सुरू झालं. मी गेलो की चहाच्या आधी सुई पुढे यायची. डब्यावर तीन सेकंद छापलंय, प्रत्यक्षात सहा लागतात. काच वाफेने धुरकटते. बिजागरी ढिली आहे. बर्फाच्या पाण्यात आणि उकळत्या पाण्यात बुडवून त्यांनी शोध लावला होता, की ती दोन अंश कमी दाखवते. मी म्हटलं, मग परत पाठवा. "कित्याक?" भावोजी म्हणाले, "ती खोटा बोलता, पण रोज तितक्याच खोटा बोलता. असो मनीस दाखव माका एक." आणि त्यांनी सुईच्या पाठीवर शाईने 'अधिक दोन' असं लिहून टाकलं.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. चूक आमची होती. दोन वर्षांपूर्वी ताई एका मोठ्या तापातून उठली आणि तिचं नाक गेलं. कशाचाच वास येईना. आमची ताई सगळा स्वयंपाक नाकाने करायची. ओसरीवर तांदूळ निवडत बसली असली तरी आतला कोंबडा शिजला की तिथूनच सांगायची, जाळ मागे ओढा म्हणून. तुयेला त्यांच्या घराण्यात भात कापून झालं की शेत राखणाऱ्या देवाला, राखणदाराला कोंबडा देतात, तीच राखण. बांधावर त्याचं पान ठेवेपर्यंत त्या जेवणाची चव कोणी घ्यायची नाही, रांधणारणीनेसुद्धा नाही. इतकी वर्षं ताईला चव घ्यायची गरजच पडली नव्हती. गेल्या वर्षी मात्र कोंबडा हाडाजवळ कच्चा राहिला, आणि आम्ही चौघंजण दोन दिवस परसात ये-जा करत होतो.

 ताईने राखणीचं भांडं माळ्यावर टाकलं. "माका नाका आता ता," ती मला म्हणाली. "माझ्या हातान माणसां आजारी पडली."

"माणसां म्हणान कित्याक सांगतंस?" भावोजी दारातून म्हणाले. "चार."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता. पुढच्याच आठवड्यात सुई आली, आणि ताईकडून पोटभर जेवून गेलेल्या प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भावोजींचा फोन जाऊ लागला, "पोट कसां आसा?" उत्तरं ते टिपून ठेवत आणि ताईला मोठ्याने वाचून दाखवत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की ही मोजणी ताईसाठी चालली आहे.

यंदा राखण जवळ आली तशी खरी अडचण उभी राहिली. सुई खुपसली म्हणजे जेवण उष्टं होतं का? घरात सर्वांत मोठी भावोजींची आत्या, नव्वदीची, तिच्याकडे खटला गेला. तिने सुई उलटीपालटी केली आणि निकाल दिला, "लोखंडाक जीभ खंय आसा? खुपसा." भावोजींनी आनंदाच्या भरात ती तिच्या चहात बुडवून दाखवली. बीप वाजलं. हे तर बोलतं, म्हणून आत्या दचकली. "हो उलयता! उलयता ताका जीभ आसता. उष्टां झालां!"

तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी भावोजींनी वाजायच्या भोकावर जखमेवर लावायच्या पट्टीचे चार थर चिकटवले. चार का, तर तिसऱ्यापर्यंत ऐकू येतं, हे त्यांनी आत्याला बाजूला बसवून तपासलं. आत्या समाधानाने म्हणाली, "आता मुको झालो." तरी ताईची शंका होतीच, की ही सुई अंड्यात गेलेली, काखेत गेलेली, राखणदाराच्या कोंबड्यात कशी घालायची? तिथे सुईचा सगळ्यांत मोठा गुण कामाला आला. ती स्वस्त होती. भावोजींनी दुसरी मागवली, बर्फात नि उकळत्या पाण्यात बुडवून तपासली, तीही नेमकी दोन अंश कमी दाखवत होती, मग तिलाही पट्ट्या लावल्या आणि देवघरात ठेवली.

राखणीच्या दिवशी ताईने भांडं माळ्यावरून खाली काढलं. भाजल्या खोबऱ्याचं वाटण पडलं, आमच्या तोंडाला सुटलेलं पाणी आवरेना, आणि ती एकटी कोरड्या चेहऱ्याने ढवळत होती. मला ते बघवेना. वेळ झाली तसे भावोजी आले, मांडीच्या जाड तुकड्यात सुई खुपसली. त्यांच्या मते चौऱ्याहत्तरला कोंबडा सुरक्षित. साठ, पासष्ट, सत्तर. सगळं घर त्या काचेवर वाकलं होतं. आकडा ऐंशीवर जाऊन थांबला. भावोजींनी दुसरा तुकडा पाहिला, तिसरा पाहिला, मग म्हणाले, "अधिक दोन. शिजलो गो." ताई मटकन पाटावर बसली आणि रडायला लागली. आमच्या सगळ्यांच्या छातीवरची धोंड उतरली. बांधावर पान गेलं, घरच्यांखेरीज आम्ही तेरा पाहुणे वडे नि कोंबडा जेवलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून तेरा फोन झाले. शेवटचा मला. आधी पोटाचं विचारलं, मग भावोजी म्हणाले, "सगळे बरे. ताईक सांगलंय."  

परवाच्या रविवारी सहज तुयेला गेलो होतो. ताई कोंबडीचं भांडं ढवळत होती. मध्येच हात थांबला, तिने झाकण उचललं, मान वाकवली. "वास येता," ती हळूच म्हणाली. मग आमच्याकडे वळून, "शिजली. उतरूया." भावोजींनी सवयीने खिशातून सुई काढली, उघडली, तिच्याकडे पाहिलं, आणि तशीच घडी करून परत खिशात ठेवली.

"किती ते बघत नाही?" मी विचारलं.

"ती सांगता मां, शिजली म्हणान," भावोजी म्हणाले.

जेवण झक्क झालं होतं. ताईला वास अजून रोज येतो असं नाही, अधूनमधून येतो. सोमवारी सकाळी मी सातला फोन हातात घेऊन बसलो. सव्वासात झाले, साडेसात झाले, भावोजींचा फोन काही आला नाही. पोट अगदी छान होतं, पण ते आता कोणाला सांगावं, हे मला कळेना.