नऊ वाजताचा मेल

मला राग लवकर येतो, हे आंधळगावात कोणालाही विचारा. विणकर संस्थेच्या कॉम्प्युटरवर बसायला लागून मला बारा वर्षं झाली. एवढ्या काळात माझ्या तोंडाच्या पट्ट्यातून सुटलेला माणूस शोधून सापडायचा नाही. त्यातलं बहुतेक मी विसरले, लोकही विसरले. मधुकररावांना जे बोलले ते मात्र मला अजून विसरता येत नाही.

मधुकरराव रामटेके जवाहरनगरच्या कारखान्यात चौतीस वर्षं होते. दर तासाला मीटरचे काटे बघायचे आणि रजिस्टरात लिहायचे, ही त्यांची ड्युटी. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून भंडाऱ्याला राहायला आले. त्यांच्या बायकोचं, ललिताबाईंचं, माहेर आंधळगावचं, म्हणून आमच्या संस्थेत येणं-जाणं झालं. खिशात दोन पेन, हातात डबा, आठवड्यातून दोनदा एसटीनं हजर. पगार घेत नसत. चहा विचारला तर आधी ‘हाव’ म्हणून होकार देत आणि मग अर्धा कप परत करत.

आमच्याकडे भैय्यालाल नावाचे विणकर आहेत, मी त्यांना आबाजी म्हणते. लुगड्याच्या करवती काठात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात दुसरा नव्हता. काचबिंदूनं डोळे गेले तेव्हा घरात एकतीस काठांचे नक्षीचे कागद होते, काही त्यांचे, काही त्यांच्या वडिलांचे. चौकोनी रेघांचा कागद, एकेक चौकोन म्हणजे एकेक धागा. त्यांना उधई, म्हणजे वाळवी, लागत होती. २०१५च्या हिवाळ्यात मी आणि मधुकररावांनी ते सगळे स्कॅन केले. ते स्कॅन ठेवायला संस्थेनं कॉम्प्युटरला जोडायची एक पेटी घेतली. पेटीत चार डिस्क. त्यातली एक गेली तर उरलेल्या तीन सांभाळून घेतात. तिची बदली व्हायच्या आत दुसरीही गेली, तर खेळ खलास.

काम झाल्यावर आबाजींनी मला विचारलं, “बाई, आता हे कागद ठेवा लागतीन काय?”

मी म्हणाले, “काय करता जी त्या उधईचं? पेटीत आता जन्मभर राहतात ते.”

विद्येचा कागद जाळायचा नाही, पायाखाली येऊ द्यायचा नाही. आबाजींनी तो गठ्ठा नव्या कपड्यात बांधला, पवनीला नेला आणि नारळासकट वैनगंगेत सोडला. मधुकररावांना आठवड्यानं कळलं. ते खुर्चीवर बसूनच राहिले. “मले विचाराचं तं होतं रत्ना,” एवढंच म्हणाले. मग सचिवांच्या मागे लागले, की याची एक कॉपी दुसरीकडे ठेवू. सचिव म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू.

तेव्हापासून मधुकररावांचा जीव त्या पेटीत. बिघाड झाला की पेटी मेल पाठवायची, ते तर होतंच. पण यांनी आणखी एक लावून ठेवलं होतं. काही झालं नसलं तरी रोज सकाळी नऊला मेल यायचा, सर्व ठीक. एक मला, एक त्यांना. मी म्हणाले, ठीक आहे तर कळवायचं कायले?

“काही झालं नाही, हे बी लिवा लागते,” ते म्हणाले. “नाही लिवलं, तं पाहणारा जागी होता का झोपला होता, कसं समजन?”

आणि एवढ्यावर भागत नव्हतं. नऊ वाजून पाच मिनिटांनी फोन. “आला काय रत्ना?” आला काका. “तापमान दोन अंश जास्त दिसून राहिलं.” उन्हाळा आहे काका! रोज. रविवारीसुद्धा. भाजी फोडणीला टाकलेली असायची आणि फोन वाजायचा.

एप्रिल २०१७. प्रदर्शनाचा माल निघायचा होता, ऑफिसात सात-आठ विणकर उभे, पावत्या जुळत नव्हत्या. त्यात मधुकरराव येऊन उभे राहिले. म्हणाले, “आज मेल अकरा मिनिटं लेट आला. पाहतं काय जरा?”

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर म्हणाले, “काका, तुमची ड्युटी संपली! घरी आरामात बसा ना. कायले रोज रोज डोकं खाऊन राहिले? काही झालं तर मीच फोन करीन.”

कोणीतरी हसलं. मधुकररावांनी पेनला टोपण लावलं. “बरं,” म्हणाले आणि डबा उचलून गेले. त्यांनी जेवणही केलं नव्हतं. त्याच दुपारी मी तो नऊचा मेल बंद करून टाकला. बिघाड झाला तरच कळव, असं लावलं. हुश्श वाटलं, खोटं कायले बोलू.

जूनमध्ये जुने मॅनेजर सोडून गेले, म्हणून मी संस्थेच्या मेलचा पासवर्ड बदलला. कॉम्प्युटरवर बदलला, माझ्या मोबाइलवर बदलला. पेटीही त्याच पासवर्डनं मेल पाठवते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्या दिवसापासून पेटी मुकी झाली. नऊचा मेल चालू असता तर दुसऱ्याच दिवशी तो आला नसता, आणि मला कळलं असतं. आता काहीच येत नव्हतं, म्हणजे सगळं छान आहे असं मी धरून चालले.

डिसेंबरात आबाजींची नात तेजस्विनी त्यांना हात धरून घेऊन आली. तिनं घरचा माग पुन्हा उभा केला होता. पहिलं लुगडं आजोबांच्या वडिलांच्या काठाचं विणायचं, म्हणून त्याचा प्रिंट हवा होता. आबाजी खुशीत होते, केस नीट विंचरून आले होते. मी फोल्डर उघडायला गेले, उघडेना. मागच्या खोलीचं दार उघडलं तर पेटी ओरडत होती. किती दिवसांपासून कोण जाणे. इकडे नऊ मागांची खटखट, ऐकणार कोण? दोन डिस्कवर लाल दिवे.

“लाइन नाही जी,” मी आबाजींना म्हणाले. “दोन दिवसांनी या.”

पेटीची नोंद नंतर वाचली. पहिली डिस्क ऑक्टोबरात गेली. दुसरी एकावन्न दिवसांनी. त्या एकावन्न दिवसांत रोज एकदा तिनं मेल पाठवायचा प्रयत्न केला होता, आणि रोज खाली लिहिलं होतं, पाठवता आला नाही. नागपूरला पेटी नेली, तिथल्या माणसानं, काही परत मिळणार नाही म्हणून, मान हलवली.

मग भंडाऱ्याला गेले. मधुकररावांनी सगळं ऐकून घेतलं. आतून त्यांचं रजिस्टर आणलं. मी मेल बंद केला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोजची ओळ होती. नऊ वाजता, मेल नाही. नऊ वाजता, मेल नाही. आठ महिने.

“काका, मग फोन काहून नाही केला?”

“मले वाटलं, तू मेलमधून माह्यं नाव काढलं,” ते म्हणाले. “तुले येतच असन म्हटलं. आता आपली ड्युटी नाही, तं कायले विचाराचं?”

मी रडायला लागले. ललिताबाईंनी पाणी दिलं. मधुकररावांनी चपला घातल्या आणि म्हणाले, “चाल. भैय्यालालबुवाले सांगा लागन.”

एसटीत मी मनाशी घोकत होते, काय सांगायचं, कसं सांगायचं. आबाजी अंगणात बसले होते. मी तोंड उघडायच्या आत मधुकरराव त्यांच्यासमोर उकिडवे बसले. “बुवा, तुमचे काठ गेले. चूक माही हाय. पेटी म्याच बसवली होती.”

आबाजींनी तेजस्विनीला जवळ बोलावलं. म्हणाले, चौकोनी कागद घे. वडिलांचा काठ ते तोंडी सांगू लागले, चार उचल, दोन सोड, एक उचल. बोटं मांडीवर चालत होती. तेराव्या ओळीपर्यंत नीट गेले. चौदावी दोनदा सांगितली, दोन्ही वेळा वेगळी. मग बोटं थांबली.

“राहू दे पोरी,” ते म्हणाले. आणि मधुकररावांच्या दिशेनं, “तुमच्या भरवशावर गंगेत सोडले होते जी.”

माझ्या भरवशावर सोडले होते. सबंध गावाला सुनावणारी मी, तिथं माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. परतीच्या रस्त्यावर मी म्हणाले, काका, असं काहून बोलले? ते म्हणाले, “तुले अजून वीस वर्षं त्या लोकायत काम कराचं हाय.”

मधुकरराव २०२०च्या फेब्रुवारीत गेले. आबाजींना निरोप गेला होता, ते आले नाहीत. आंधळगावात अजूनही मधुकररावांचा विषय निघाला की लोक म्हणतात, तेच ना, ज्यायनं काठ बुडवले? आणि मी पावत्या चाळत बसते.

आता संस्थेत दोन पेट्या आहेत. नऊचा मेल रोज येतो, मी त्यांच्याच रजिस्टरात पुढे लिहिते. हे इथवर लिहिलं, ते आबाजींना वाचून दाखवायला. त्यांचं घर ऑफिसपासून चौथं आहे. वय झालंय, पण कान शाबूत आहेत. उद्या जाईन म्हणते. तीन वर्षं झाली, उद्या जाईन म्हणते.