रुंद चाकं आणि कोरडा तलाव

त्या वर्षी ढोकीच्या कारखान्याचं धुराडं दिवाळीनंतर थोडेच दिवस पेटलं. ऊसच नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळेत जात होते. हा दुष्काळ नंतरचा, मी लग्न होऊन कारखान्याच्या वसाहतीत राहायला आले तेव्हाचा. आमचे हे कारखान्यात वेल्डर होते आणि माझा धाकटा भाऊ उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर. धुराडं थंडावलं तसे दोघंही घरी बसले. हवेतला मळीचा वास हळूहळू विरत गेला आणि दुपारी इतकी शांतता असायची की लांबच्या रस्त्यावरून जाणारी सायकलसुद्धा ऐकू यायची.

भावाकडं एक जुनी मोटार होती. निजामाच्या काळात कुण्या डॉक्टरांनी घेतलेली, विलायती, लांब नाकाची, मळकट हिरव्या रंगाची. डॉक्टरांच्या मुलांना ती नकोशी झाली होती, ती यानं ओढत आणली आणि दोन वर्षं खपून चालू केली. त्या गाडीत बसला की त्याचा चेहराच बदलायचा. झोपेत हसणाऱ्या माणसासारखा दिसायचा तो.

गावाबाहेरचा तलाव त्या उन्हाळ्यात पार तळाला गेला. लोकांनी गाळ खणून शेतात नेला आणि मागं राहिली ती परातीसारखी सपाट जमीन. दुपारी त्या जमिनीवर पाणी असल्यासारखं दिसायचं आणि बांधावर उभं राहिलं की समोरचा काठ तरंगत असल्यासारखा वाटायचा. तिथंच भावाला शर्यतीचं सुचलं. नळदुर्गला हमरस्त्यावर एका चाचांचा ढाबा होता. त्यांच्याकडं लष्करातून आलेली जीप होती आणि तिचा त्यांना फार अभिमान. दोघांचं ठरलं: दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, रुमाल पडला की सुटायचं, सरळ जायचं. पलीकडच्या बांधाला जो आधी पोचंल तो जिंकला.

अडचण एकच होती. तळाची माती वरून कडक, खाली भुसभुशीत. जोरात सुटलं की मोटारीची मागची चाकं जागच्या जागी गरगरायची आणि खड्डा करून बसायची.

"दाजी, मागची चाकं रुंद करून द्या," भाऊ म्हणाला. "रुंद टायर बसलं की माती धरंल."

यांनी मागची दोन्ही लोखंडी चाकं गोलाकार कापली, मधे पोलादाची पट्टी वाकवून बसवली आणि पुन्हा जोडली. आमच्या दारातल्या कडुलिंबाखाली हे काम चाललं. एका दमात गोल फिरवून वेल्डिंग केलं तर लोखंड तापून वाकडं होतं, म्हणून इकडं बोटभर जोडायचं, थांबायचं, मग समोरच्या बाजूला बोटभर. आतली बाजू कानशीनं घासून गुळगुळीत केली, नाहीतर ट्यूब कापली जाते. मी उंबऱ्यात बसून बघत असे. निळसर उजेडाकडं बघू नको म्हणून ते ओरडायचे. मी डोळे मिटले तरी तो उजेड पापण्यांच्या आत तरंगत राहायचा.

शेवटी त्यांनी चाकं टांगून हातोडीनं वाजवली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "चालतंय."

शर्यतीच्या सकाळी चाचा जीप घेऊन आले. बांधावर माणसं जमली, बायकासुद्धा डोक्यावरच्या घागरी उतरवून बसल्या. भाऊ मागच्या सीटवर वाळूची पोती टाकायला निघाला. मागं वजन असलं की चाक मातीला चिकटतं, असं त्याचं म्हणणं.

"पोती कशाला?" मी म्हणाले. "मी बसते की. मी काय कमी वजनाची हाय का?"

भाऊ हसला. "बस की, आक्का!"

हे हसले नाहीत. पान्हा हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग खाली वाकले आणि डाव्या चाकाचे नट सैल करायला लागले.

"काय करताय, दाजी?"

"चाक काढतोय. एकदा तपासून घेतो."

"काल तर म्हणला, चालतंय."

"म्हणलो व्हतो."

भाऊ हळू आवाजात म्हणाला, "म्हंजी मी बसलो तर चालतंय, आन आक्का बसली की तपासायचं व्हय?"

हे मान खाली घालून नट काढत राहिले. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. मला एकाच वेळी बरंही वाटलं आणि भावासाठी वाईटही.

त्यांनी मला घरी चुना आणि रॉकेल आणायला पिटाळलं. रॉकेल तेव्हा मोठ्या मुश्किलीनं मिळायचं, पण मी अख्खी बाटली आणली. त्यांनी दोन्ही चाकांचे टायर उतरवले, जोडाच्या बाहेरून चुना फासला, वाळू दिला आणि आतून रॉकेल लावलं. जोड कुठं फाटलेला असेल तर रॉकेल पाझरून चुन्यावर उमटतं, असं त्यांनी सांगितलं. आम्ही सगळे त्या पांढऱ्या गोलाभोवती बसून राहिलो. उजव्या चाकावर काहीच उमटलं नाही. डाव्या चाकावर केसासारखी एक काळी रेघ उगवली आणि आमच्या डोळ्यांदेखत लांबत गेली.

भावानं तिच्यावर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.

"भर वेगात ही उघडली असती तर?" त्यानं विचारलं.

"गाडी उलटली असती," हे म्हणाले. मग त्याच्याकडं बघून म्हणाले, "तू एकटा असता तरी हे कालच करायला पाहिजे व्हतं. माझं चुकलं."

माणसं कुरकुरायला लागली. चाचा मात्र जीपच्या सावलीत चादर अंथरून आडवे झाले. "जल्दी नक्को करो, दामादजी," ते म्हणाले. "तालाब कहीं भागके नहीं जाता. मैं इधरीच हूँ."

यांनी चाक घरी नेलं, रेघेची सगळी जागा कोरून काढली आणि दोन्ही अंगांनी पुन्हा जोडली. पुन्हा चुना, पुन्हा रॉकेल. या वेळी चुना पांढराच राहिला. तोवर उन्हं कलली होती आणि बांधावर निम्मीच माणसं उरली होती.

मी मागं बसले. यांनी दार लावलं आणि पुढं भावाच्या शेजारी जाऊन बसले.

रुमाल पडला. मला आठवतं ते असं की पाठ सीटला चिकटली आणि मग आवाजच थांबला. इंजिन नक्कीच ओरडत असेल, पण मला ऐकू येत नव्हतं. काचेबाहेर जीप आमच्या जोडीनं तरंगत होती आणि चाचांची पांढरी दाढी वाऱ्यानं खांद्यावर गेली होती. जिथं एरवी डोक्यावर पाणी असायचं तिथून आम्ही चाललो होतो. मासे असेच पोहत असतील, असं मला वाटलं. धूळ सोनेरी होऊन आत आली आणि भावाचा चेहरा, यांची मान, माझे हात, सगळं एकाच रंगाचं झालं. ते संपू नये असं वाटत होतं.

कोण जिंकलं ते कुणालाच दिसलं नाही, इतकी धूळ होती. चाचा म्हणाले मी, भाऊ म्हणाला मी, आणि दोघंही गळ्यात पडून हसत राहिले.

भावाला लगेच दुसरी फेरी हवी होती. यांनी आधी चाकं उतरवून चुना लावला. रेघ आली नाही. तरीही ते म्हणाले, "न्हाय. एकदा टिकलं म्हणून रोज टिकंल असं न्हाय. ट्यूब फुटली, खड्डा लागला, तर हा जोड काय करंल ते मला म्हाईत न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तसलीच दुसरी जुनी चाकं कुठून तरी शोधून आणून बसवली आणि रुंद केलेली दोन्ही कापून टाकली. भाऊ रागावला. महिनाभर आमच्या दारात आला नाही. मग एका सकाळी येऊन लिंबाखाली बसला आणि यांना म्हणाला, "दाजी, ट्रकचा एक जोड दाखवायचाय. चालतंय असं लगेच म्हणू नका."

हे रॉकेलची बाटली घ्यायला आत आले, तेव्हा हसत होते.