मंगळावरची शकुबाई

रुपेशनं शेकड्यांनी लग्नं शूट केली, पण एकाही लग्नात माणसाचा आवाज शिल्लक ठेवला नाही. धंद्याची रीतच तशी. नवरीची आई रडतेय, मामा ओरडतोय, आचारी भांडतोय, ते सगळं पुसायचं आणि वर सिनेमाची गाणी चढवायची. गिऱ्हाइकालाही तेच हवं असे. जुन्नरच्या स्टँडमागं त्याचं दुकान होतं आणि तालुक्यात त्याच्याइतकं गुळगुळीत लग्न कुणी करून देत नसे.

पण गड्याच्या डोक्यात एक खूळ होतं. अंतराळातल्या सिनेमांच्या सीड्या बघून बघून त्याला एक गोष्ट खुपायला लागली. सगळी दुनिया मंगळावर जाऊन आली, आपल्या बौद्धवस्तीतलं कुणी कधी गेलं नाही. २००६च्या उन्हाळ्यात त्यानं ठरवलं, आपणच पाठवायचं. पाठवायला घरात आई होती.

शकुबाई द्राक्षबागेत मजुरीला जायची. रुपेशनं तिला फवारणीचा प्लास्टिकचा कोट घातला, डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट चढवलं आणि लेण्याद्रीपलीकडच्या माळावर उभी केली. पंधरा मिनिटांचा सिनेमा. मंगळावर पहिली विहीर खणणारी शास्त्रज्ञ म्हातारी. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेला बाप, भागुजी, बांधावर कान देऊन बसला होता.

"पाणी लागल्यावर काय म्हणू रं?"

"तुला वाटंल ते म्हण."

शकुबाईनं कुदळ टाकली, काच वर केली आणि माळ दणाणून सोडला. "पाणी लागलं गं बायांनो! या! हितं वंजळीत कुणी वरनं वतायचं न्हाई. आपल्या हातानं घ्या!"

रुपेशनं हे लिहून दिलं नव्हतं. कॅमेऱ्यामागं त्याचे डोळे भरून आले. बांधावरून भागुजी म्हणाला, "लई खणखणीत बोललीस गं."

सिनेमा पुण्याच्या एका महोत्सवाला धाडला. आठवड्यानं निवड समितीतल्या बाईंचा फोन आला. विषय वेगळा आहे, चेहरा तर अस्सलच, पण शास्त्रज्ञ कधी अशी बोलते का? लोक हसतील हो. तेवढं बदललंत तर घेऊ.

खरं तर तिथंच फोन आदळायचा. पण रुपेशनं मिठाची गुळणी धरली आणि हाताला सवयीचं होतं तेच केलं. खालचं पुसलं, वर दुसरं चढवलं. पुण्यातली एक कॉलेजकन्या स्टुडिओत बसून वाचून गेली, "येथे पाणी आहे. ते सर्वांसाठी आहे."

बक्षीस मिळालं. परीक्षक माइकवर म्हणाले, या चित्रपटानं वंचित स्त्रीला आवाज दिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाचव्या रांगेत नवं लुगडं नेसून बसलेली शकुबाईही टाळ्या वाजवत होती, कारण सगळे वाजवत होते.

परतीच्या एसटीत मंचर गेल्यावर ती म्हणाली, "पोरगी गोड बोलली रं. माझं काय चुकलं व्हतं?"

"काय नाय, आये. तुझं मूळचं हाय माझ्याकडं. परत लावतो."

"लाव बाबा. तुझ्या बापाला दिसत न्हाई, तेवढंच ऐकंल."

तो लावणार होता, अगदी मनापासून. पण लग्नसराई आली. त्याच्या धंद्यात एकेक कॅसेट दोन-तीनदा फिरते. भरली की कॉम्प्युटरवर उतरवायची आणि पुन्हा वापरायची. कॉम्प्युटरही दर हंगामाला रिकामा करायचा. तीन वर्षं आज-उद्या करण्यात गेली आणि एका सकाळी द्राक्षबागेतच शकुबाई कोसळली ती उठली नाही.

जलदानविधीच्या आधी रुपेशनं दुकानातल्या सगळ्या कॅसेटी उपसल्या. खोडलेल्या अक्षरात 'मंगळ' लिहिलेली एक सापडली. लावली, तर वारूळवाडीचं लग्न. वरात, घोडा, बँड. त्यानं ती शेवटपर्यंत पळवली. कुठंतरी चार शब्द उरले असतील, असं त्याला उगीच वाटत होतं. नंतर त्यानं वस्तीतल्या घराघरांतून लग्नाच्या सीड्या मागून आणल्या. आई सगळीकडं होती. हळद लावताना, पंगतीत हसताना, कुणाला तरी हाक मारताना. आणि सगळीकडं त्यानंच चढवलेली गाणी होती. स्वतःचीच त्याला शिसारी आली.

जलदानाला वंदना झाली, माणसं जेवली. मग भागुजी म्हणाला, "रुपेश, तिचा शिनेमा लाव. मला तिचं बोलणं ऐकायचंय."

नाही कसं म्हणणार? सगळी वस्ती जमली होती. त्यानं सीडी लावली. भागुजी सरकत सरकत टीव्हीला चिकटून बसला.

पडद्यावर शकुबाईनं कुदळ टाकली, काच वर केली. तिचे ओठ हलले. "येथे पाणी आहे. ते सर्वांसाठी आहे."

भागुजीनं हात वर केला. "ही बाई कोन? तिला जरा गप करा रं. शकू बोलंल आता."

सिनेमा संपेपर्यंत तो तसाच कान लावून बसला होता.